वरचा सायलेन्सर, मागची सीट

मिस्त्री : ...आणि हा तिसरा. आखूड, काळा, तोंड आभाळाकडे. हा लावलात तर तुम्ही उंबरा ओलांडायच्या आत पुढच्या वस्तीला कळेल, जनावरांच्या डॉक्टरीणबाई निघाल्या.

डॉक्टर : तेच तर नकोय. आत्ता आहे त्यानेही कळतंच की. परवा मेंढ्यांना लस टोचायला गेले, तर मेंढपाळ एकटाच उभा. म्हणाला, बाई, तुमची गाडी वळणावर आली आणि कळप टेकडीवर गेला.

मिस्त्री : म्हणजे मेंढीला डोकं असतं.

डॉक्टर : आठवण असते. डोक्याबद्दल मी काही लिहून देणार नाही.

सासरे : पण आत्ताचा सायलेन्सर माझ्या मुलाने हौसेने बसवलाय. तुम्हीच बसवलात ना, मिस्त्री?

मिस्त्री : मीच. तेव्हा ही हौसेची गाडी होती, काका. सुट्टी आली की डोंगर, नदी, फोटो. ॲडव्हेंचर बाईक घेतली म्हणजे चार लोकांना ऐकू यायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आता तो बसलाय बोटीवर, अर्ध्या जगापलीकडे, आणि गाडीचा झालाय दवाखाना. हा डावीकडचा डबा कसला? केवढा जड आहे!

डॉक्टर : हळू! आत नायट्रोजन आहे. बैलांचं गोठवलेलं असतं त्यात.

मिस्त्री : बैलांचं काय?

सासरे : गायींना लागतं ते. तुम्ही सायलेन्सरचं बोला.

मिस्त्री : बोलतो. तुमचा आत्ताचा पाईप इंजिनाखालून जातो. दगड लागला की पोचा, पाणी आलं की आंघोळ. वरचा बाजूने जातो, सीटच्या उंचीने. दगडाची भीती नाही, पाण्याची नाही. पण देव एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. उजवीकडचा डबा जाईल. आणि मागे जो बसेल त्याची उजवी पोटरी म्हणजे तव्यावर ठेवल्यासारखी. अर्थात तुम्हाला ती अडचण नाही. मागची सीट काढून तिथे कॅरियरच बसवायचाय ना? फोनवर म्हणालात तसं.

डॉक्टर : मिस्त्री...

मिस्त्री : काय?

सासरे : मागची सीट काढायची आहे?

डॉक्टर : काढता येते का, एवढंच विचारलं होतं मी.

मिस्त्री : नाही, नाही. तुम्ही म्हणालात, "काढून टाका."

डॉक्टर : तुमच्याकडे चहा मिळतो का हो?

मिस्त्री : कोपऱ्यावर मिळतो. पण मी आणायला गेलो तर इथे काय झालं ते मला कळायचं नाही.

सासरे : बरोबर आहे तिचं. औषधं वाढलीत. उजवीकडचा डबा गेला तर सामान ठेवायचं कुठे? माणसाचं काय, माणूस घरी बसू शकतो. औषधाच्या बाटलीला काही स्वतःहून चालत जाता येत नाही.

डॉक्टर : बाबा, असं नका बोलू.

सासरे : कसं? मी तुझीच बाजू मांडतोय.

डॉक्टर : तेच नका करू.

मिस्त्री : काका, एक विचारू का? तुम्ही रोज सुनेबरोबर जाता ते नेमकं करता काय?

सासरे : फाटक उघडतो. डॉक्टर आत गेल्या की फाटक लावतो. जनावर धरतो. लाथ आली तर आधी मला लागेल अशा बेताने उभा राहतो.

मिस्त्री : आणि?

सासरे : आणि बाहेर येऊन पुन्हा फाटक लावतो.

डॉक्टर : एवढंच नाही. जनावर गेलं तर मालकाजवळ बसतात. मला ते जमत नाही. मी हात धुते, सामान आवरते, आणि तिकडे बघते तर हे त्या माणसाशेजारी ओट्यावर बसलेले. एक शब्द बोलत नाहीत. निघताना तो माणूस ह्यांना सोडायला वाटेपर्यंत येतो. मला नाही येत.

मिस्त्री : मग अशा माणसाची सीट कशाला काढायची? थांबा, आधी हा जुना उतरवतो. बोल्ट गंजलाय पार. काका, तुमच्या मागे बाकावर तो मोठा पाना आहे, जरा द्या इकडे.

सासरे : हो, हो. मजबूत दिसतोय.

मिस्त्री : पाना, काका!

डॉक्टर : बाबा, पाना मागतायत ते. बाकावरचा.

सासरे : मग तसं सांगायचं. हा घ्या.

मिस्त्री : तुमचं चित्त थाऱ्यावर नाही, काका. साहजिक आहे. बरं, डॉक्टर, वरचाच सायलेन्सर हवा हा हट्ट का? रस्ते तर बरे आहेत आता.

डॉक्टर : रस्ते बरे आहेत, ओढा बरा नाही. पलीकडच्या वस्तीवर जायला पूल कुठे आहे? मागच्या पंधरवड्यात एका गायीला वासरू अडलं होतं. निरोप आला तसे आम्ही निघालो. वर कुठेतरी पाऊस झालेला असणार, ओढा फुगलेला. मधोमध गेलो आणि गाडी बंद पडली. सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं. मग ढकलत बाहेर काढली, आणि उरलेली वाट पायी.

सासरे : सायलेन्सर खाली आहे ना. त्यामुळेच झालं. मी तर तेव्हाच म्हटलं, वरचा असता तर ही वेळ आली नसती.

मिस्त्री : अं... बोलू का मी?

डॉक्टर : नको.

सासरे : बोला की.

मिस्त्री : इंजिन चालू असताना सायलेन्सरमधून पाणी शिरत नाही, काका. आतला धूरच त्याला बाहेर ढकलतो. गाडी आधी बंद पडते, मग पाणी शिरतं.

डॉक्टर : मला माहीत आहे ते.

मिस्त्री : माहीत आहे?

डॉक्टर : गाडी मी चालवते, मिस्त्री. मला नाही तर कुणाला माहीत असणार? बंद पडली तरी पाणी शिरायला नको, म्हणून वरचा हवाय. झालं समाधान? लावा आता.

सासरे : थांबा जरा. म्हणजे सायलेन्सरमुळे बंद पडली नाही?

डॉक्टर : बाबा, जाऊ द्या ना.

सासरे : मग कशामुळे पडली?

डॉक्टर : मी ॲक्सिलरेटर सोडला.

सासरे : का सोडलास? चांगली चालली होती.

डॉक्टर : का म्हणजे? तुम्ही पडलात म्हणून.

सासरे : मी?

डॉक्टर : हो, तुम्ही! गाडी एकदम हलकी झाली. मी एक हात मागे घातला, चाचपला, तर मागे कुणीच नाही. वळून बघते तर तुम्ही कंबरेएवढ्या पाण्यात, दहा पावलं खाली, एका दगडाला धरून. त्यावेळी ॲक्सिलरेटरचा विचार कोण करतं? गाडी पडली, मी पडले, पाणी शिरलं. आता कळलं? मला सांगायचं नव्हतं हे. सायलेन्सरवर ढकललं तर कुणाचं काय बिघडत होतं? सायलेन्सरला थोडंच वाईट वाटतंय!

मिस्त्री : मी चहा आणू का?

डॉक्टर : आता नको.

सासरे : मी पडलो नाही.

डॉक्टर : बाबा, वय झालं की तोल जातो. त्यात लाज कसली? तरण्याताठ्या माणसाचासुद्धा...

सासरे : अगं, पडलो नाही. उतरलो.

डॉक्टर : उतरलात? फुगलेल्या ओढ्यात?

सासरे : तूच म्हणालीस.

डॉक्टर : मी काय म्हणाले?

सासरे : "बाबा, उतरा!" ओरडून म्हणालीस. मला वाटलं, गाडीवरचं वजन कमी करायचं असेल. तुला गाडीतलं कळतं, मला नाही. मी उतरलो.

डॉक्टर : मी "उतरा" म्हणाले नाही.

सासरे : मग?

डॉक्टर : "धरा." "बाबा, धरा!" पुढे मोठा दगड दिसला, गाडी उसळणार होती. मला घट्ट धरा म्हणाले मी.

मिस्त्री : धरा. उतरा. शेवट सारखाच आहे म्हणा.

डॉक्टर : मिस्त्री, तुम्ही बोल्ट बघा.

सासरे : ह्या सायलेन्सरच्या आवाजात काय ऐकू येणार? कानाला दडे बसतात.

डॉक्टर : हो, तेही खरं. आवाजच एवढा आहे ह्याचा. मिस्त्री, तो आखूड काळा राहूच द्या. मधला लांब दाखवा, कमी आवाजाचा. त्याने हा प्रश्न सुटेल.

(मिस्त्री गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसतो, सासऱ्यांची त्याच्याकडे पाठ.)

मिस्त्री : काका, तुमच्या कानटोपीला आग लागलीय.

सासरे : होऊ दे सावकाश. आम्हाला घाई नाही.

डॉक्टर : काय?

मिस्त्री : गाडी तर बंद आहे, डॉक्टर. म्हणून म्हटलं बघावं.

सासरे : काय झालं? दोघं असं काय बघताय माझ्याकडे?

डॉक्टर : बाबा, आत्ता मिस्त्री काय म्हणाले?

सासरे : वेळ लागेल म्हणाले.

डॉक्टर : तुमची कानटोपी पेटलीय म्हणाले.

सासरे : ही? कुठे?

डॉक्टर : नाही पेटली. बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?

सासरे : येतं की. आत्ता तुझं सगळं येतंय.

डॉक्टर : मी समोर आहे म्हणून. जरा पाठ करून उभे राहा.

सासरे : कशाला? पाठ करून कोण बोलतं? आयुष्य यंत्रमागावर गेलं माझं. तिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही. शंभर माग एकदम चालायचे. आम्ही तोंडं बघायचो. कोण शिव्या देतोय, कोण तंबाखू मागतोय, सगळं चाळीस फुटांवरून कळायचं. ती सवय राहिली. त्याला काही बहिरेपण म्हणत नाहीत.

मिस्त्री : मग काय म्हणतात?

सासरे : कसब.

डॉक्टर : आणि घरी आईंना हे माहीत नाही?

सासरे : तुझी सासू कधी मागून बोललीय? ती अंगावर येऊनच बोलते. आणि तिचं काय, शेजारच्यालाही ऐकू जातं. आमचं छान चाललंय.

डॉक्टर : बाबा, गाडीवर तुम्ही माझ्या मागे बसता. तुम्हाला माझं हेल्मेट दिसतं. म्हणजे इतके दिवस मी जे जे बोलले...

सासरे : सगळं नाही ऐकलं. पण तू चांगलंच बोलत असणार.

डॉक्टर : तुम्ही "हं" म्हणायचात.

सासरे : "हं" मी सगळ्यालाच म्हणतो. भांडण होत नाही.

मिस्त्री : हे मी लग्नाआधी ऐकायला हवं होतं.

डॉक्टर : म्हणजे त्या दिवशी परत येतानाही तुम्ही नुसतंच "हं" म्हणालात?

सासरे : कधी?

डॉक्टर : गायीकडून परत येताना. पाणी काढून गाडी चालू झाली, आपण वरच्या लांबच्या रस्त्याने आलो. मी तुम्हाला वासराचं सांगितलं होतं.

सासरे : वासराचं काय सांगायचंय? मेलेलं निघालं. बघितलं मी. आपल्याला उशीर झाला. माझ्यामुळे झाला, मला ओढ्यातून काढण्यात वेळ गेला.

डॉक्टर : तुम्ही पंधरा दिवस हे धरून बसला आहात?

सासरे : धरून म्हणजे... येतं मनात. दूध पिताना येतं.

डॉक्टर : बाबा, इकडे बघा. माझ्या तोंडाकडे बघा. वासरू आदल्या दिवशीच गेलं होतं. पोटातच. आपण उडत गेलो असतो तरी ते वाचणार नव्हतं. मालकाला मी तिथेच सांगितलं, तुम्ही तेव्हा गायीचं डोकं धरून तिकडे तोंड करून उभे होता. परत येताना तुम्हाला सांगितलं, सगळं नीट समजावून. तुम्ही "हं" म्हणालात. मला वाटलं, संपलं.

सासरे : आदल्या दिवशी?

डॉक्टर : आदल्या दिवशी. अंगावरून कळतं ते. आणि गाय वाचली, कारण तुम्ही ती धरली. तिने इतक्या लाथा झाडल्या, तुम्ही हलला नाहीत. मला हात घालून काम करता आलं, ते त्यामुळे.

सासरे : मी त्या माणसाशेजारी बसलो होतो, आणि मनात म्हणत होतो, आता ह्याला सांगावं. की बाबा रे, मी ओढ्यात उतरलो म्हणून उशीर झाला. पण धीर झाला नाही. त्याने मला प्यायला पाणी दिलं.

डॉक्टर : त्याला सगळं माहीत होतं, बाबा.

सासरे : म्हणून दिलं होय.

मिस्त्री : निघाला एकदाचा बोल्ट.

डॉक्टर : कुणी विचारलं तुम्हाला?

मिस्त्री : कुणीच नाही. पण कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे ना!

सासरे : मग सीट का काढत होतीस? मला वाटलं वासरामुळे.

डॉक्टर : मागे हात घातला आणि मागे कुणी नव्हतं, म्हणून. रात्री झोपेतही हात मागे जातो माझा. तुमचा मुलगा तिकडे बोटीवर, इथे मी त्याच्या बापाला ओढ्यात घालवला असता. "घरी बसा" म्हणायचं तर माझी जीभ रेटेना. म्हटलं, सायलेन्सर वर घेतला की उजवीकडे गरम होईल, सामान ठेवायला जागा राहणार नाही, आणि सीट आपोआप जाईल. कुणीच कुणाला काही बोलायला नको.

सासरे : डोकं चांगलं चालवलंस. मला कळलंही नसतं.

डॉक्टर : कळलं असतं. तुम्ही काही बोलला नसतात, एवढंच.

मिस्त्री : आता माझा प्रश्न. सीट ठेवायची की काढायची? कारण सीट ठेवली तर मधला लांब घ्या, ह्याला सगळीकडून पत्र्याचं कवच आहे, वर जाळी आहे. गरम होतो, पण भाजत नाही. सीट काढली तर कुठलाही चालेल.

सासरे : काढा सीट. ती म्हणते ते बरोबर आहे. ऐकू न येणारा माणूस मागे बसवून ओढा ओलांडायचा नसतो. फाटकं काय, मालक उघडतील.

डॉक्टर : आणि जनावर कोण धरेल?

सासरे : मालक धरतील.

डॉक्टर : मालक धरतात तेव्हा काय होतं ते माहीत आहे तुम्हाला. लाथ आली की मालक आधी बाजूला होतो, मग जनावर, आणि मी मध्ये. मिस्त्री, मधला लांब लावा. सीट राहू द्या.

सासरे : गरम होईल म्हणाले ना ते.

डॉक्टर : होईल.

सासरे : उजवा पाय माझा तसाही थंडच असतो.

मिस्त्री : मग औषधांचं काय? उजवीकडचा डबा जातोय.

डॉक्टर : बाबांच्या पाठीवर पिशवी देऊ. बाटलीला चालता येत नाही म्हणाले ना, आता बसता येईल.

मिस्त्री : आणि ओढा?

डॉक्टर : ओढ्यापाशी ते आधी उतरतील. काठाला. वरच्या अंगाला दगडांवरून पायवाट आहे, तिथून हात धरून मी त्यांना पलीकडे सोडेन, मग परत येऊन गाडी नेईन. वेळ लागला तर लागला.

सासरे : ह्या वेळी "उतरा" असं समोर येऊन म्हण.

डॉक्टर : समोर येऊन म्हणेन.

मिस्त्री : बसा मग दोघं गाडीवर. मागचा फूटरेस्ट थोडा पुढे आणि खाली घेतो, पाय पाईपपासून लांब राहील. पण माप दोघांच्या वजनावर घ्यावं लागतं, स्प्रिंग दबली पाहिजे. आधी डॉक्टर. हां. आता काका. पाय तिथे नको, तिथे पाईप येणार. आणखी पुढे. आता हलू नका दोघंही, मी आत जाऊन कवच घेऊन येतो.

सासरे : गेला का तो?

डॉक्टर : गेला.

सासरे : अं?

डॉक्टर : काही नाही.

सासरे : दुकानात अशी न चालणारी गाडी आणि वर आपण दोघं. कुणी बघितलं तर काय म्हणेल?

डॉक्टर : म्हणू दे. बाबा, उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ या आपण. मी विचारून ठेवते. यंत्र लावायला सांगतील बहुतेक, आता अगदी छोटी मिळतात, दिसतही नाहीत. ऐकलंत का? उद्या जाऊ या.

सासरे : हं.

डॉक्टर : (मागे वळून) हे नेहमीचं "हं" की खरं?

सासरे : "उद्या" एवढं आलं.

डॉक्टर : आणि पुढचं?

सासरे : कुठे जायचं ते नाही कळलं. पण येतो मी.